मागच्या सीटचा चिमटा

दुकानाचं शटर वर गेलं की काकूंचं पहिलं काम म्हणजे ठोकळ्यावर तळहाताचे चार दणके देणं. झाडू नंतर, चहा त्याच्याही नंतर. आधी ठोकळा.

ठोकळा म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. काकू मोटरसायकलच्या सीटा बनवतात. साध्या गाड्यांच्या नाहीत, लांबच्या प्रवासाच्या टूरिंग गाड्यांच्या, ज्यांच्यावर माणसं आठ-आठ दिवस बसून असतात. कंपनी सगळ्यांना एकच सीट देते, आणि ढुंगण मात्र, काकूंच्याच शब्दांत सांगायचं तर, ज्याचं त्याचं वेगळं असतं. म्हणून गिऱ्हाईक आलं की काकू त्याला स्टुलावर ठेवलेल्या जाड, सुस्त फोमच्या ठोकळ्यावर अर्धा तास बसवतात. माणूस उठला की फोममध्ये त्याचा खळगा राहतो. त्यावरून बोटं फिरवून काकू सांगतात, की हा एका कुशीवर झुकतो, हिची कंबर दुखते, आणि याला मूळव्याध आहे पण हा सांगणार नाही. मग तासाभरात फोम भरून येतो आणि ठोकळा पुन्हा सपाट होतो.

तासाभरात, बरं का. शटर संध्याकाळी सातला खाली येतं आणि सकाळी नऊला वर जातं. एवढ्या वेळात ठोकळा इस्त्री केल्यासारखा सपाट व्हायला हवा. पण गेली दहा वर्षं रोज सकाळी त्यावर एक ताजा खळगा असतो. जणू शटरच्या आवाजानं कुणीतरी आत्ताच उठून गेलंय. डावीकडे खोल, उजवीकडे उथळ. ज्याचा डावा पाय लहानपणी मोडून अर्धा इंच तोकडा राहिला, अशा माणसाचा खळगा. असा माणूस काकूंना एकच ठाऊक होता. त्याच्याबरोबर त्यांनी अठरा वर्षं संसार केला होता, आणि त्याला जाऊन दहा वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षी काकू दुकान बंद करायला निघाल्या होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्टूल उचलून पार पलीकडच्या कोपऱ्यात ठेवलं, तर खळगा तिथे हजर. तिसऱ्या वर्षी त्यांनी हात टेकले. तेव्हापासून रोज चार दणके, आणि तोंडातल्या तोंडात, "उठा आता, कामं पडलीत." हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, शेजारच्याच गाळ्यात बसणाऱ्या दिरालासुद्धा नाही. लोक वेड्यात काढतील ही एक गोष्ट. दुसरी अशी, की नवरा कशासाठी येतो ते त्यांना पक्कं माहीत होतं. तो जाब विचारायला येत होता, आणि त्यांच्याकडे जबाब नव्हता.

त्याचं असं झालं. काकूंनी हा धंदा वडिलांकडून उचलला, आणि वडिलांचा एक दंडक होता. सीट कितीही झकास करा, डाव्या मांडीखाली, बसायच्या हाडाच्या जरा पुढे, कडक रबराची दोन बोटं रुंद पट्टी घालायची म्हणजे घालायची. सुरुवातीला ती जाणवत नाही. दोन तासांत फोम दबला की ती टोचायला लागते, आणि माणूस शिव्या घालत गाडीवरून उतरतो, हातपाय मोकळे करतो, तोंडावर पाणी मारतो. त्या पट्टीला वडील चिमटा म्हणत. "आपण गादी शिवत नाही पोरी," ते म्हणायचे, "गादीवर माणूस झोपतो." गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण वडिलांनी उभ्या जन्मात एक सीट चिमट्याशिवाय बाहेर सोडली नाही.

काकूंनी सोडली. एकच. नवऱ्याची.

नवरा म्हणजे गिऱ्हाइकांचा मिस्त्री. गाड्यांना पेट्या, दिवे, काचा बसवणारा, हातात कला असलेला माणूस. लग्नाला अठरा वर्षं झाली तेव्हा कुठे त्यानं स्वतःसाठी एक टूरिंगची गाडी घेतली, आणि बायकोच्या मागे लागला. "अगं, सगळ्या जगाला चिमटे काढतेस, मला तरी सोड. तोकड्या पायानं आधीच तिकडे जास्त भार येतो." गोड बोलून, मिनतवाऱ्या करून, शेवटी लहान पोरासारखं तोंड पाडून. काकूंना त्याच्या पायाची दया आली. खोटं कशाला सांगू, प्रेमही आलं. त्यांनी पट्टी काढून तिथे मऊ फोम भरला. मिस्त्रीनं बसून पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "ढग शिवलाय हिनं, ढग!"

चौथ्या दिवशी तो निघाला. पठार ओलांडून थेट समुद्रापर्यंत, साडेसहाशे किलोमीटर. तीनशे दहाव्या किलोमीटरला, भर दुपारी, सरळसोट मोकळ्या रस्त्यावर गाडी पुलाच्या कडेच्या कठड्यावर गेली. ब्रेक लावल्याची खूण नव्हती. वाटेतल्या चहाच्या टपऱ्यांवर विचारलं तर कुणीच त्याला थांबलेला पाहिला नव्हता. सगळे म्हणाले, डुलकी लागली असेल. सीटचं नाव कुणी काढलं नाही. कोण काढणार? चिमटा होता की नव्हता हे ज्या दोघांना माहीत होतं, त्यातला एक गेला होता.

तर ही झाली मागची गोष्ट. आता पुढची.

काकूंची लेक छकुली. नावावर जाऊ नका. सहा फुटाला दोन इंच कमी, पंचवीस वर्षांची घोडी, पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. पण घरातलं नाव एकदा चिकटलं की चिकटलं. एका सोमवारी ती कोरी करकरीत टूरिंगची मोटरसायकल घेऊन दुकानासमोर उभी राहिली. काळपट हिरवी, टाकीवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं.

"आई, ही माझी," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी निघतेय. बाबांचा राहिलेला रस्ता पुरा करायचाय."

काकूंच्या हातातली कात्री खाली पडली. दहा वर्षं सांधत आणलेलं काळीज एका क्षणात पुन्हा फाटलं. पण पोरीच्या तोंडावर असा काही आनंद होता, की त्यांना धड ओरडताही येईना.

"विमानं काय कमी आहेत का?" एवढंच त्या म्हणाल्या.

"विमानाला तू सीट शिवणार आहेस का?" छकुली हसली. "मला अगदी बाबांच्यासारखी हवीय. ढग."

काकू आत गेल्या आणि उगाचच कापडाच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसल्या.

इकडे भाऊजींना, म्हणजे त्यांच्या दिराला, ऊत आला. भाऊ गेल्यापासून फिटिंगचं काम तेच बघत. पुतणीची गाडी म्हटल्यावर त्यांनी बाकीची सगळी कामं गुंडाळून ठेवली. आधी इंजिनभोवती क्रॅशगार्ड चढवला. मग उंच काच, कारण छकुलीच्या उंचीला कंपनीची काच म्हणजे बनियनला खिसा. हँडल दीड इंचानं वर घेतलं. धुक्याचे पिवळे दिवे, मोबाईलचा स्टँड, चार्जिंगचा सॉकेट, साइड स्टँडला मातीत रुतू नये म्हणून रुंद चकती. दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पेट्या. काका-पुतणी मिळून दिवसभर असे वाद घालत होते, की गाडी नाही तर लग्न ठरतंय असं वाटावं.

"मागची सीट काढून टाका काका," छकुली म्हणाली. "मी एकटीच जातेय. त्या जागी सपाट प्लेट लावा, वर तंबूची बॅग बांधता येईल."

भाऊजींनी संध्याकाळपर्यंत मागची सीट काढून चार बोल्टवर प्लेट घट्ट बसवली. गाडी काकूंच्याच गाळ्यात उभी केली, कारण तिथे जागा जास्त. शटर खाली आलं.

मंगळवारी सकाळी काकूंनी शटर उघडलं, सवयीनं ठोकळ्यावर हात उगारला, आणि हात तसाच राहिला. ठोकळा सपाट होता. दहा वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी वळून पाहिलं. गाडीची प्लेट निघून भिंतीला टेकून उभी होती. चार बोल्ट एका स्वच्छ फडक्यावर ओळीनं मांडलेले, डोकी भिंतीकडे, वायसर ज्याच्या त्याच्या शेजारी. मागची सीट जागेवर बसवलेली. आणि तिच्या रेक्झिनवर, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी, एक दाब हळूहळू वर येत होता.

बोल्ट अशा ओळीनं मांडणारा माणूस या दुकानात एकच होऊन गेला होता. भाऊजींचे बोल्ट चहाच्या कपात सापडतात.

ते आले तेव्हा प्लेट पाहून चिडले. "वहिनी, काढायची होती तर मला सांगायचं ना. एवढा वेळ घालवला मी."

"मी नाही काढली," काकू म्हणाल्या.

"मग काय उंदरांनी?" असं म्हणून त्यांनी पाना शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांचं लक्ष फडक्याकडे गेलं. ते बराच वेळ त्या चार बोल्टांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी ते खिशात घातले, आणि प्लेट पुन्हा लावायचं नाव काढलं नाही. छकुलीला सांगितलं, प्लेटची भोकं जुळत नाहीत, बॅग पेट्यांवर आडवी बांध.

बुधवारी मागच्या स्प्रिंगचं माप घ्यायचं होतं. हे काम सोपं असतं. चालवणारा बसला की गाडी मागून थोडी खाली बसते. चाकाच्या मध्यापासून वरच्या खुणेपर्यंत टेप धरायची, बसण्याआधी आणि बसल्यावर, आणि गाडी फार बसत असेल तर स्प्रिंग आवळायची. छकुली बसली. काकूंनी हँडल धरून गाडी सरळ ठेवली. भाऊजींनी टेप लावली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"किती खातेस गं हल्ली?"

"काका!"

"दुप्पट बसतेय गाडी. उतर. पुन्हा बस."

ती उतरली, बसली. तेच. भाऊजींनी टेपला नावं ठेवली, समोरच्या दुकानातून दुसरी टेप आणली, तिलाही नावं ठेवली. स्प्रिंग आवळून पाहिली. मग खाली बसून त्यांनी कागदावर काहीतरी गणित केलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा केलं. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

छकुली फोन घ्यायला बाहेर गेली तसे ते हळूच म्हणाले, "वहिनी, हिच्यावर बहात्तर किलो जास्तीचे आहेत."

काकूंनी मागच्या सीटकडे पाहिलं.

"दादा बहात्तर किलोचा होता," भाऊजी म्हणाले. "मीच त्याच्या गाडीची स्प्रिंग लावली होती. आकडा मी विसरेन का?"

"मग दोघांचं माप लावा," काकू म्हणाल्या. त्या हे इतकं शांतपणे कसं म्हणाल्या याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. दहा वर्षं नवरा दुकानात बसून राहिला तोवर ठीक होतं. आता तो पोरीच्या गाडीवर बसला होता. कशासाठी? माझ्याकडून जबाब मिळाला नाही म्हणून आता हिच्याकडून वसूल करणार? हिलाही त्याच पुलावर घेऊन जाणार? हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग निघता निघेना.

त्या दिवशी त्यांनी छकुलीला ठोकळ्यावर बसवलं, खळग्यावरून बोटं फिरवली, फोम कापला. आणि डाव्या मांडीखाली चिमटा घातला. नेहमीपेक्षा एक सूत उंच. लेकीला त्यांनी काही सांगितलं नाही.

गुरुवारी छकुली नवी सीट घालून चाचणीला गेली आणि दुपारी तणतणत परत आली. हेल्मेट बाकावर आपटलं.

"आई, काहीतरी राहिलंय आत. डावीकडे टोचतंय. पहिले दोन तास स्वर्ग, आणि मग असं वाटतं की कुणीतरी चिमटा काढतंय."

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? काढ ते."

"नाही काढणार."

"बाबांच्या सीटला नव्हतं असलं काही! बाबा ढग ढग म्हणून ओरडले होते, पंधरा वर्षांची होते तरी मला आठवतंय. बाबांना ढग आणि मला काटा? मी काय सावत्र आहे?"

भाऊजी शेजारच्या गाळ्यातून डोकावले आणि वहिनींचा चेहरा बघून तसेच मागे सरकले.

काकूंनी छकुलीला हाताला धरून बाकावर बसवलं. स्वतः समोर उभ्या राहिल्या, कारण बसून हे बोलता आलं नसतं.

"बाबांच्या सीटला नव्हतं, म्हणूनच तुझ्या सीटला आहे," त्या म्हणाल्या. आणि मग दहा वर्षं गिळलेलं सगळं बाहेर आलं. आजोबांचा दंडक, बाबांच्या मिनतवाऱ्या, काढलेली पट्टी, भरलेला मऊ फोम, तीनशे दहा किलोमीटर न थांबलेली गाडी. "त्यांना झोप लागली नाही, छकुले. मी लावली. माझ्या हातानं अंथरूण घालून दिलं मी त्यांना."

छकुली ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतकं काही येऊन गेलं, की काकूंना बघवेना. शेवटी ती उठली, बाहेर गेली, आणि रस्त्यापलीकडच्या पायरीवर पाठ करून बसली. तास झाला, दीड तास झाला. काकूंना वाटलं, संपलं. नवरा गेला, आता पोरगीही गेली. हे सांगण्याआधी आपण मेलो का नाही, असंही वाटून गेलं.

छकुली परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"दहा वर्षं एकटीच ओढत होतीस हे?" ती म्हणाली. "मला सांगता येत नव्हतं?"

"काय तोंडानं सांगू?"

"याच. एरवी काय कमी चालतं का ते?" ती हसायला गेली आणि रडली. काकूही रडल्या. बराच वेळ दोघी एकमेकींना धरून तशाच उभ्या होत्या. मग छकुलीनं बाहीला नाक पुसलं. "बाबांनीच हट्ट केला होता ना?"

"केला होता. पण नाही म्हणणं माझं काम होतं."

"हो, होतं," छकुली म्हणाली. तिनं आईला खोटा धीर दिला नाही, आणि काकूंना त्यामुळेच जरा बरं वाटलं. "माझ्या वेळी म्हणालीस ना? मग झालं. राहू दे तो चिमटा. हवा तर उजवीकडे अजून एक घाल."

"दोन घातले तर उभ्यानं चालवावी लागेल."

शनिवारी छकुली सामान बांधायला घरी थांबली. काकूंनी दुकानाचं दार पुढे लोटलं आणि गाडीची मागची सीट काढून पाटावर घेतली. तिच्यावर तो ओळखीचा दाब होता. त्यांनी कंपनीचं रेक्झिन उसवलं. आतल्या फोमवरही तोच खळगा. त्यांनी पहिल्यांदाच त्यावर दणका मारला नाही. गिऱ्हाइकाच्या खळग्यावरून फिरवतात तशी बोटं फिरवली, डावीकडून उजवीकडे, सावकाश. खडूनं कडा मारली. डावीकडे अर्धा इंच वाढीव थर चिकटवला, तोकड्या पायाकडची बाजू उचलून धरायला. हे सगळं त्यांनी जिवंत माणसासाठी करावं तितक्या निगुतीनं केलं. शिवाय बडबडही चालू होती. "सरळ बसायचं कधी शिकलाच नाहीत. सगळा भार एकीकडे. सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

मग त्या उठल्या, कपाटातला खालचा खण उघडला. कडक रबराची पट्टी कापली. दोन बोटं रुंद, बरोबर मापाची. डाव्या खळग्यात, हाडाच्या जरा पुढे, ती सोल्यूशन लावून बसवली.

भाऊजी दारातून बघत होते. "वहिनी, मागच्या सीटला कुणी चिमटा घालतं का? मागे बसणाऱ्याला झोप लागली तर लागू दे की."

"हा राहून गेला होता," काकू म्हणाल्या. पट्टी चिकटेपर्यंत त्यांनी तिच्यावर अंगठा दाबून धरला होता. "जाब विचारायचा तर मला विचारा," त्या फोमकडे बघून म्हणाल्या. "चूक माझी होती, मी कबूल करते. पण पोरीच्या मागे बसायचं असेल तर जागं बसायचं. समजलं?"

भाऊजींनी मान फिरवली आणि स्वतःच्या गाळ्यात गेले. काकूंनी रेक्झिन पुन्हा शिवलं आणि सीट गाडीवर चढवली.

रविवारी सकाळी काकूंनी शटर वर केलं. ठोकळा सपाट होता. त्या गाडीजवळ गेल्या. मागच्या सीटवर दाब होता, ताजा. पण तो नेहमीच्या जागी नव्हता. दोन बोटं उजवीकडे होता. चिमटा टोचला की प्रत्येक गिऱ्हाईक जसं सरकून बसतं, तसाच तोही सरकून बसला होता.

काकू सीटवर हात ठेवून खो खो हसत सुटल्या, आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. समोरचा दुकानदार येऊन विचारून गेला, की सगळं ठीक आहे ना. दहा वर्षं अंगावर बसलेली भीती त्या एका सकाळी उतरली. रागावलेला माणूस असा सरकून बसत नाही. रागावलेला माणूस पट्टी उपटून फडक्यावर मांडून ठेवतो, तेही त्या चार बोल्टांसारखी नीटनेटकी.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला छकुली निघाली. भाऊजींनी शेवटचा एकेक बोल्ट पुन्हा तपासला. काकूंनी लेकीच्या हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत नेली. "टोचलं की उतरायचं," त्या म्हणाल्या. "अजून दहाच किलोमीटर, असं करायचं नाही."

"नाही करणार."

मग काकूंनी मागच्या सीटवर दोनदा थोपटलं. छकुलीनं आरशातून ते पाहिलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. पाठीमागून ती जरा खालीच बसलेली दिसत होती.

काकू दुकानात आल्या. ठोकळा सपाट. मंगळवारपासून तो तसाच होता, पण तेव्हा वळून बघायला गाडी होती. आता गाडीच्या जागी फरशीवर तेलाचा एक ठिपका होता. दुकान रिकामं होतं, आणि आज ते खरोखरच रिकामं आहे हे त्यांना कळलं. दहा वर्षं ज्याला भ्यायल्या, त्याची सोबत होती ही. त्यांना इतकं एकटं वाटलं, की ते नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

अकराला फोन वाजला.

"आई, थांबलेय. तुझा चिमटा घड्याळ लावल्यासारखा टोचतो गं, बरोबर दोन तास." वाऱ्याचा आवाज येत होता. "एक विचारू? हसू नकोस. मी उतरले, गाडी स्टँडला लावली, पाणी प्यायला गेले. वळून बघितलं तर गाडी मागून हळूच वर आली. कुणी उतरल्यावर येते ना, तशी. मी तर कधीच उतरले होते."

काकूंनी डोळे मिटले.

"उतरले ना?" त्या म्हणाल्या. "बास. घाई करू नकोस. दोघांच्याही तोंडावर पाणी मार आणि मगच नीघ."

मग छकुली हळू आवाजात म्हणाली, "बरं."

काकूंनी फोन ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलं त्या ठोकळ्यावर त्या पहिल्यांदा स्वतः बसल्या, चांगला अर्धा तास. उठल्यावर त्यांनी मागे वळून आपला खळगा पाहिला. डावीकडे उथळ, उजवीकडे खोल. अठरा वर्षं तोकड्या बाजूच्या माणसाला आधार देत चाललेल्या बाईचा खळगा. त्यावर त्यांनी दणका मारला नाही. झाडू घेतला आणि झाडायला लागल्या.